कडेचा माणूस

१

सकाळी डोळ्यांत थेंब घातले की पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती पाच मिनिटं मोजायला कडावाल्यांना घड्याळ लागायचं नाही. लेकीचा आवाज घरभर फिरत असायचा, त्यावरूनच कळायचं. आधी कपाटाचं दार करकरायचं. मग किल्ल्या सापडत नाहीत म्हणून घराला चार शब्द, आणि त्या पर्समध्येच निघाल्या म्हणून स्वतःला दोन. "बाबा, येते हं," असं ऐकू आलं की डोळे उघडायचे आणि खिडकीत जाऊन उभं राहायचं.

समोरच्या फुटपाथवर बसचा थांबा होता. थांब्याच्या एका टोकाला जाहिरातीचा मोठा फलक, आणि फलकाला खेटून त्यांची लेक. वय सेहेचाळीस, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी, सात वर्षांपूर्वी संसार मोडून बापाकडे परत आलेली. बस दिसली की ती उजवा हात वर करून एकदाच हलवायची. कडावालेही हलवायचे. बायको गेल्यापासून या जगात त्यांचं म्हणावं असं एवढं एकच माणूस उरलं होतं, आणि ते आठ चाळीसला जाऊन साडेसहाला परत आलं की दिवस पार पडला असं ते धरायचे.

कडावाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. चाळीस वर्षांपूर्वी मुलांच्या एका मासिकात ते परदेशी चित्रकथांच्या कडा वाढवायचं काम करायचे. बाहेरून येणारी पानं उंच आणि अरुंद, मासिकाचा कागद रुंद. मधोमध मूळ चित्र चिकटवलं की दोन्ही अंगांना दोन-दोन बोटं कोरी पट्टी उरायची. त्या पट्टीत भिंत पुढे न्यायची, रस्ता लांबवायचा, आकाश ताणायचं, बघ्यांची गर्दी उभी करायची. मूळ चित्र कुठे संपलं आणि आपलं कुठे सुरू झालं, हे ज्याने चित्र काढलं त्याच्या बापालाही कळता कामा नये. कडावाल्यांचा जोड आजवर कुणाला सापडला नव्हता, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे.

आता त्यांच्याच डोळ्यांच्या कडा चालल्या होत्या. समोरचं लख्ख दिसायचं, बाजूचं नाही. डॉक्टर म्हणाले होते, "तुम्हाला तिथे काळं दिसणार नाही. जे दिसत नाही ते मेंदू आपल्या मनाने भरून टाकतो."

"म्हणजे माझंच काम करतो की," कडावाले म्हणाले होते. डॉक्टर हसले नव्हते.

२

संपादकबाई जिना चढून आल्या त्या धापा टाकत, दोन्ही हातांत जडशीळ पिशव्या. बाई कसली, तिशीतली मुलगीच. "काका, मला अहो-जाहो करू नका हो," तिने आल्या आल्या सांगून टाकलं आणि पिशव्या टेबलावर ठेवल्या.

लाल कापडी बांधणीचे चार खंड निघाले. 'वज्रमंडळ', अंक एक ते अठ्ठेचाळीस. कडावाल्यांना पुठ्ठ्याच्या वासानेच भरून आलं. सेनापती, वादळी, निःशब्दा, काचमानव आणि बुटका असे पाच वीर. दर महिन्याला एक शहर कोसळायचं आणि हे पाच जण ते सावरायचे. बुटका पोरांचा सगळ्यांत लाडका. त्याला रोज पाच-पन्नास पत्रं यायची, आणि सेनापतीला महिन्याला दोन.

"सगळा संग्रह पुन्हा काढतोय आम्ही," ती म्हणाली. "आणि काका, एकोणपन्नासावा सापडला! मासिक बंद पडलं ना, तेव्हाचा. गोदामात एका फळीमागे होता. मधली चित्रं चिकटवलेली, अक्षरंसुद्धा भरलेली. फक्त कडा कोऱ्या आहेत."

"माझे डोळे गेलेत गं."

"दुसऱ्या कुणाला सांगू? तुमच्यासोबत कडा भरायचे ते जोडीदार वृद्धाश्रमात आहेत, त्यांचा हात लुळा पडलाय म्हणे. घाई नाही. महिनाभर घ्या." तिने पिशवीतून मोठं पाकीट काढलं आणि हळूच खंडांवर ठेवलं. "आधी सगळे अंक निवांत वाचा. शेवटी तुमच्याइतकं कुणाला माहितीये त्यातलं?"

ती गेल्यावर कडावाल्यांनी पाकिटातून पहिलंच पान ओढून पाहिलं. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या पांढऱ्या फटक होत्या. त्यांचे हात शिवशिवले.

३

दुसऱ्या दिवशी लेकीची बस गेल्यावर त्यांनी टेबल खिडकीपाशी ओढलं, भिंग काढलं आणि पहिला खंड उघडला. दुपारपर्यंत ते स्वतःवरच खूश होते. काय एकेक कडा! दुसऱ्या कुणाचं कौतुक करताना ते हात जरा आखडता घ्यायचे, पण स्वतःच्या बाबतीत तशी अडचण नव्हती.

तिसऱ्या अंकात, उजवीकडच्या पट्टीत, त्यांना आपली पोर भेटली. सहा वर्षांची, आपल्याकडे पाठ, दोन वेण्या, पायांत ढगळ बूट, मान वर करून वज्रमंडळाचं उड्डाण बघणारी. तेव्हा गंमत म्हणून काढली होती. पण छापखान्यातल्या मुख्य चित्रकारांचा दंडक होता, की कडेला एकदा काही आलं की ते पुढच्या अंकात दिसलंच पाहिजे. एकदा कुठला दिव्याचा खांब गायब झाला तर पोरांनी पत्रांचा पाऊस पाडला होता. त्यामुळे विषम अंक करणारे कडावाले आणि सम अंक करणारा त्यांचा जोडीदार, दोघंही ती पोर पुढे नेत राहिले. एक सकाळी यायचा, एक दुपारी. टेबल एकच, भेट क्वचित. समोरच्याने मागच्या अंकात काय काढलं ते बघायचं आणि निमूट पुढे न्यायचं.

जोडीदाराला सगळे डावखुरे म्हणायचे. स्वभावाने अबोल, पण पोरीच्या वेण्यांच्या रिबिनी कधी चुकवल्या नाहीत त्याने.

पुढच्या काही अंकांत पोरीच्या मागे, बऱ्याच अंतरावर, लांब कोटातला एक माणूस दिसायला लागला. त्याला बघून कडावाले हसलेच. अरे हो, हा! विसरलोच होतो. हा डावखुऱ्याचा. त्या वर्षी डावखुऱ्याचा थोरला भाऊ घरातून निघून गेला तो परत आला नव्हता. छापखान्यात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी विषय काढत नव्हतं. सम अंकाच्या कडेला कोटातला माणूस दिसायला लागला तेव्हा कडावाल्यांनी ओळखलं, हा भाऊ असणार. तो माझी पोर काढतो, मी त्याचा भाऊ काढीन. विचारायचं कशाला? चार वर्षं त्यांनी तो माणूस इमानेइतबारे पुढे नेला होता.

एवढं आठवून त्यांना बरं वाटलं. आपण तेव्हा माणूस म्हणून काही वाईट नव्हतो, असं त्यांच्या मनात आलं.

४

तिसऱ्या खंडाच्या मध्यावर त्यांनी भिंग खाली ठेवलं.

तेव्हा महिन्याला एक अंक हाताखालून जायचा. एका अंकात आणि दुसऱ्या अंकात तीस दिवसांचं अंतर. आज त्यांनी अडीच वर्षांचे अंक एका बैठकीत पाहिले होते, आणि एका बैठकीत पाहिल्यावर जे दिसत होतं ते तेव्हा दिसणं शक्यच नव्हतं. कोटातला माणूस जवळ येत होता.

उडी मारून नाही, झपाट्यानेही नाही. पहिल्या खंडात तो रस्त्याच्या पार टोकाला होता. दुसऱ्यात चौकाच्या अलीकडे आला. तिसऱ्यात पोरीच्या आणि त्याच्या मध्ये फक्त एक कठडा. शहर बदलायचं, पूर यायचा, पूल कोसळायचा, आणि तो मात्र त्याच संथ चालीने पुढे. पाच वीरांपैकी एकानेही कधी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. पाहणार कसे? त्यांच्या मूळ चित्रात तो नव्हताच.

त्याचा चेहरा कुठेच नव्हता. प्रत्येक चौकटीत मान वरच्या रेघेने छाटलेली, किंवा एखाद्या पाटीआड. हात तेवढे दिसत. डावा कोटाला चिकटलेला. उजवा जरासा पुढे, खाली झुकलेला, बोटं सैल, रस्ता ओलांडताना मोठं माणूस लहान पोरापुढे धरतं तसा.

कडावाल्यांनी पट्टी घेऊन मोजायला सुरुवात केली. आपण हे का करतोय ते त्यांनाच सांगता आलं नसतं. अंक एकतीस: त्याच्या बोटांपासून पोरीच्या बोटांपर्यंत अडीच सेंटिमीटर. चाळीस: दीड. सत्तेचाळीस, हा त्यांचा स्वतःचा: दोन मिलिमीटर. अठ्ठेचाळीस, डावखुऱ्याचा: पट्टीवर त्याहून लहान रेघ नव्हती.

पोर आपली वर बघत होती. तिच्या पाठीमागे काय आहे याचा तिला पत्ता नव्हता.

जिन्यात पावलं वाजली आणि त्यांनी खंड धाडकन मिटला. साडेसहा वाजले होते, लेकच होती.

"बाबा, दिवसभर याच खुर्चीत? डोळ्यांचं काय ठरलंय आपलं?" तिने पर्स टाकली आणि त्यांच्या कपाळाला हात लावला. "गार पडलायत तुम्ही."

"तुझ्यामागून जिन्यात कुणी आलं का गं?"

"कोण येणार? वरच्या मजल्यावर आता राहतंय कोण?" ती आत गेली. कडावाले उजव्या अंगाला दाराकडे बघत राहिले. मान वळवली की दार दिसायचं, मान सरळ केली की दाराच्या जागी काहीतरी उभं आहे असं वाटायचं. मेंदू भरतोय, त्यांनी स्वतःला सांगितलं. डॉक्टर म्हणालेत तसं.

५

वृद्धाश्रमात डावखुऱ्याच्या खोलीत दोन खाटा होत्या. एक त्याची, एक नुसती गादी गुंडाळलेली. तो खिडकीकडे पाठ करून बसला होता. डावा हात, ज्याने सगळी हयात काढली, तो मांडीवर पालथा पडला होता आणि उजव्या हातात लहान मुलासारखी मूठ करून धरलेली पेन्सिल होती.

"आलास," तो म्हणाला. "एकोणपन्नासावा सापडला का?"

कडावाले चपापले. "तुला कुणी सांगितलं? ती मुलगी आली होती इथे?"

"कुणी नाही. एरवी तू कशाला येशील?" यात तक्रार नव्हती. कडावाले तरी ओशाळले, कारण अकरा वर्षांत ते खरंच आले नव्हते.

इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विषय काढला. "तुझा भाऊ रे. मी इतकी वर्षं बोललो नाही. पण मी त्याला नीट नेला ना पुढे? कोट, हात, सगळं?"

डावखुऱ्याने मान वर केली. "कुठला भाऊ?"

"कडेचा. कोटातला."

"तो माझा भाऊ नाही. माझा भाऊ बुटका, जाडा. आयुष्यात कोट घातला नाही त्याने." "तो तुझा बाप ना?"

"माझा बाप?"

"त्या साली तुझे वडील गेले. तू अंकात पोर काढत होतास, मला वाटलं आता नातीसाठी आजोबा काढलेस. तुझ्या सातव्या अंकात दिसला, म्हणून मी आठव्यात घेतला. विचारावंसं वाटलं होतं. पण म्हटलं, दुःखातलं माणूस, कशाला उकरायचं."

खोलीत पंखा खडखडत होता. बाहेरच्या व्हरांड्यात कुणीतरी काठी टेकत टेकत गेलं आणि परत आलं. दोन सभ्य माणसं, एकमेकांचं मन दुखू नये म्हणून मूग गिळून बसलेली, आणि दोघांनी मिळून चार वर्षं कुणाला वाट करून दिली?

डावखुऱ्याने उशीखालून वह्या काढल्या. सात-आठ तरी होत्या. प्रत्येक पानावर तोच कोट, तीच छाटलेली मान, तोच पुढे धरलेला हात. आधीच्या वह्यांत रेघ खणखणीत, नंतरच्यांत वेडीवाकडी.

"रोज एक काढतो. सकाळचा चहा यायच्या आत. काढला की दिवस बरा जातो."

"आणि नाही काढला तर?"

"मागे मला झटका आला. पाच दिवस बेशुद्ध होतो, राहून गेला." त्याने हनुवटीने गुंडाळलेल्या गादीकडे दाखवलं. "तिथे एक मास्तर होते. चांगला माणूस. संध्याकाळी फिरायला गेले. फाटकावरचा म्हणाला, एकटे नव्हते, कुणीतरी हात धरून नेत होतं. घरचं कुणी असेल असं वाटलं त्याला."

"आणि मग?"

"मग काही नाही. गादी गुंडाळली." त्याने पेन्सिल पुन्हा मुठीत धरली. "एकोणपन्नासावा विषम. म्हणजे तुझा. त्याला वगळू नकोस. कागदावर आहे तोवर कागदावर आहे."

परतीच्या वाटेवर कडावाल्यांनी स्वतःची समजूत घातली. झटक्याने माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो. म्हातारपणी एकटेपणा वाईट. पुढच्या महिन्यात पुन्हा यायचं आणि येताना त्याला चांगल्या पेन्सिली आणायच्या.

६

तरी घरी आल्यावर त्यांनी सातवा अंक काढला. दिव्याच्या खांबामागे कोटाची कड होती. शाईची लकब त्यांची स्वतःची, वळणावर जरा जाड होणारी. दहा माणसांत ओळखली असती. ही रेघ आपण काढल्याचं त्यांना मुळीच आठवत नव्हतं.

सहावा डावखुऱ्याचा. गर्दीत टोप्या, डोकी, आणि दोन डोक्यांच्या फटीत एक खांदा. पाचवा. चौथा. तिसरा, ज्यात पोर पहिल्यांदा आली तो: दूरच्या घराच्या दारात एक उभी काळी रेघ. दाराची सावली म्हणून सोडून द्यावी अशी.

पहिल्या अंकाचं पहिलं पान त्यांनी उजेडात धरलं. त्यांनी आयुष्यात भरलेली ती पहिली कड. सेनापती छपरावर उभा आहे, खाली शहर, आणि उजवीकडच्या पट्टीत त्यांनी लांबवलेला रस्ता, पार क्षितिजापर्यंत. भिंगाखाली रस्त्याच्या टोकाला एक ठिपका होता. शाईचा शिंतोडा म्हणायला काही हरकत नव्हती. फक्त त्या ठिपक्याला दोन पाय होते.

तेव्हा पोर अजून कडेला आलेलीही नव्हती. तो आधीच निघाला होता.

७

पुढचे अठरा दिवस त्यांनी एकोणपन्नासावा अंक भरला. तेवीस पानं सुरळीत झाली. सुरुवातीला दोन-तीन पट्ट्या वाया गेल्या, मग जुनी सवय जागी झाली आणि भिंती आपोआप लांबल्या, धुराचे लोट पट्टीत शिरले. कोटातल्या माणसाची जागा ते दर पानावर रिकामी ठेवत गेले. काढायचा की नाही, हे शेवटच्या पानावर ठरवू म्हणाले.

शेवटचं पान आलं. वज्रमंडळ लढाई जिंकून परत चाललंय. पाच पाठमोऱ्या आकृत्या, उगवता सूर्य, खाली जल्लोष करणारं शहर. उजवीकडची पट्टी कोरी.

कडावाले तासभर तसेच बसले. दंडक म्हणत होता, काढ. डावखुऱ्याचं म्हणणं, वगळू नकोस. आणि अठ्ठेचाळीसाव्या अंकात उरलेलं अंतर त्यांना पाठ झालं होतं. आता तो काढला तर दुसरं काही काढायला जागाच नव्हती. हातात हात द्यावा लागला असता. त्यांनी स्वतःच्या हाताने आपल्या पोरीचा हात त्या हातात द्यायचा? त्यांना इतका संताप आला की टाक दौतीत आपटला गेला.

"मरू दे दंडक," ते मोठ्याने म्हणाले.

त्यांनी पोर काढली, एकटी. आणि त्याला उभं राहायला फट म्हणून ठेवली नाही. तिला पट्टीच्या अगदी कडेला नेलं, कागद संपतो तिथे. तिच्या डाव्या अंगाला सगळी जल्लोष करणारी माणसं दाटीवाटीने भरली, चांगली तोंडओळखीची, हसरी. त्यांत आपली बायकोही काढली. उजव्या अंगाला कागदच नव्हता. वज्रमंडळाला निरोप द्यायला पोरीचा उजवा हात वर केला, खिडकीतून त्यांना रोज दिसतो तसा.

पान वाळत ठेवलं आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना वाटलं, की आपण बाप म्हणून काहीतरी नीट केलं.

८

"झालं?" साडेसहाला आल्या आल्या लेकीने टेबलाकडे धाव घेतली. "बघू! अय्या, आई! बाबा, आईला किती छान काढलंय." तिचे डोळे भरून आले. कडावाल्यांचेही आले, पण त्यांनी थेंबांवर ढकललं.

"आणि ही मी. अजून त्याच वेण्या!" ती हसली, खाली वाकली. "पण इथे मी कुणाचा हात धरलाय?"

"कुणाचा नाही. टाटा करतेयस."

"छे हो. टाटा करताना असा असतो का हात? बघा ना, मूठ मिटलीय. आणि खांदा असा ओढल्यासारखा. मोठ्या माणसाने धरलेला हात आहे हा." तिने बोट ठेवलं. "फक्त माणूस पानाबाहेर राहिलाय."

कडावाल्यांनी भिंग घेतलं. त्यांनी हात वर काढला होता, पंजा उघडा. आता तो खांद्याच्या वर गेलेला नव्हता. कोपरात वाकून बाजूला ताणला होता, मनगट वळलेलं, आणि बोटांची टोकं होती तिथे कागद संपत होता. तेव्हा चार वर्षं तो हात त्या हाताशेजारी काढून काढून बोटांना तेच वळण पडलं असेल. नजर अधू, सवय जुनी. दुसरं काय असणार?

"चांगलं दिसतंय तसंच," लेक म्हणाली. "वाटतं, तुम्हीच आहात बाहेर."

ती रात्रभर शांत झोपली. कडावाले तिच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसून राहिले.

९

सकाळी त्यांनी थेंब घातले नाहीत. पाच मिनिटं डोळे मिटायची त्यांची छाती नव्हती.

उजाडताच ते टेबलाशी बसले होते. कागद संपला होता खरा, पण कागद वाढवणं हाच तर त्यांचा धंदा. चार बोटं रुंद पट्टी कापली, खळ लावली, पोरीच्या हाताला लागून चिकटवली. जोड दिसत नव्हता. आता फक्त त्याला काढायचा. बाही, कोट, पुढे धरलेला हात. शंभरदा काढलेला. त्याला परत कागदावर घ्यायचा, इतकंच.

टाक टेकवला. रेघ उमटली ती म्हाताऱ्या माणसाची थरथरती रेघ. बाहीची बाही होईना. दुसऱ्यांदा काढली, पोतं दिसलं. पट्टी फाडली, नवी चिकटवली. चार वर्षं जो न बोलवता आपोआप टाकाखाली यायचा, तो आज जिवाच्या आकांताने बोलावूनही येत नव्हता. पट्टीवर शाईचे फराटे होते, त्यात कुणीच नव्हतं.

आत कपाटाचं दार करकरलं. किल्ल्यांसाठी शोधाशोध झाली नाही. आज त्या तिला लगेच सापडल्या.

"आज नको जाऊस," कडावाले म्हणाले.

"बाबा, काय हे? सुट्टी घ्यायला कारण काय सांगू?" तिने त्यांच्या शाईने माखलेल्या बोटांकडे पाहिलं आणि तिचा आवाज मऊ झाला. "संध्याकाळी लवकर येते. आपण डॉक्टरांकडे जाऊ. येते हं."

दार लागलं. त्यांनी पुन्हा एक पट्टी चिकटवली, पुन्हा टाक टेकवला. जिन्यात तिची पावलं उतरत गेली, आणि ती ऐकताना त्यांचा हात थांबला. ते खिडकीकडे धावले.

ती थांब्यावर पोचली होती, फलकाला खेटून, रोजच्या जागी. त्यांना मधलं तेवढं दिसत होतं: तिचा चेहरा, लख्ख, हसरा. बस वळणावर दिसली. लेकीने वर पाहिलं आणि हात हलवला.

डावा.

कडावाल्यांनी नजर तिच्या चेहऱ्यावरून खाली आणली, मग बाजूला, बोटाबोटाने. तिचा उजवा खांदा थोडा ओढल्यासारखा. कोपर वाकलेलं. मनगट वळलेलं. आणि जिथे बोटं असायला हवी होती, तिथून फलक सुरू होत होता.

त्यांनी खिडकी ढकलली आणि दोन्ही हात वर करून हलवले, जिवाच्या आकांताने हलवत राहिले. तिला वाटलं, बाबा आज जरा जास्तच टाटा करतायत. ती हसली. ते तिला परत बोलवत होते.